दुपट्यांची बादली

मी घरी गाड्यांचे फायबरचे पार्ट करायचो असं सांगितलं की लोक आधी वासाबद्दल विचारतात. वास यायचाच. रेझिनचा, म्हणजे फायबर घट्ट करणाऱ्या चिकट रसायनाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि त्यामुळे आपली साखरसुद्धा कुणी घेत नाही, अशी समोरच्या किराणावाल्याची कायमची तक्रार होती. खाजेबद्दल मात्र कुणी विचारत नाही. ज्यानं हे काम केलेलं नाही त्याला ती माहीतच नसते, आणि मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या खाजेपासून सुरू होतं.

हैदराबादला एका शेडमध्ये तीन वर्षं हे काम शिकून मी लातूरला परत आलो. जिल्हा नवा होता. कचेऱ्या वाढल्या होत्या, कचेऱ्यांबरोबर साहेब आले होते आणि साहेबांबरोबर जीपा. जीपांचे कापडी टप उन्हानं फाटायचे, मडगार्ड गंजायचे आणि नवा पार्ट बाहेरून मागवायचा तर पंधरा दिवस वाट बघा. मी तो अंगणात करून द्यायचो. जुन्या पार्टवरून साचा काढायचा, साच्याला मेण लावायचं, त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट अंथरून ब्रशनं रेझिन पाजायचं, वाळलं की सोडवायचं आणि मग घासत बसायचं. पहिल्या बॉनेटच्या वेळी मी मेणात कंजुषी केली. बॉनेट साच्याला असं चिकटलं की शेवटी छिन्नीहातोडीनं दोन्ही फोडावं लागलं. गल्लीनं तो कार्यक्रम उभं राहून बघितला आणि पुढे महिनाभर जो भेटेल तो मला "निघालं का?" असं विचारायचा.

घासकाम सगळ्यात वाईट. पॉलिश पेपर फिरवला की काचेची बारीक कुसं उडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत, पण मानेत, मनगटावर, कोपराच्या घडीत जाऊन बसतात. खाजवलं की आणखी आत शिरतात. त्यावर एकच उपाय, भरपूर गार पाणी. अंग चोळायचं नाही, नुसतं पाणी सोडत राहायचं. हैदराबादच्या शेडमागे त्यासाठी हौद होता. लातुरात सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता आणि आमच्या गल्लीत टँकर चौथ्या दिवशी यायचा, तोही आला तर.

पाण्याचा सगळा कारभार मायच्या हातात होता. प्यायच्या घागरी वेगळ्या, स्वयंपाकाची बादली वेगळी. आंघोळ घमेल्यात बसून करायची आणि घमेल्यातलं पाणी पुन्हा वापरायचं. माझ्या वाट्याला संध्याकाळी दोन तांबे यायचे. दोन तांब्यांत काच निघत नाही, ती फक्त अंगभर पसरते.

त्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला कंधारला दिली होती. लातूरच्या दवाखान्यात मुलगी झाली आणि आमच्या दोन खोल्यांत एकदम जीव आला. पोरगी गुटगुटीत होती. बहीण तिला अंगावर पाजत बसली की मायला कोण कौतुक. पाण्याच्या वाटणीत एका बादलीची भर पडली, बाळाच्या दुपट्यांची. मोरीच्या भिंतीआड अर्धी बादली चांगलं पाणी, वर ताट झाकलेलं. माय ते संध्याकाळी भरून ठेवायची आणि सकाळी त्यात दुपटी पिळायची. त्या बादलीला हात लावायचा नाही, हे घरात कुणाला सांगावं लागलं नव्हतं.

त्याच दिवसांत मला माझं सगळ्यात मोठं काम मिळालं. माझे वडील नव्या कचेरीत शिपाई होते. तिथे भाड्यानं जीप लावलेल्या एका माणसाला कापडी टप काढून पुरा फायबरचा टप बसवायचा होता, धूळ आत येऊ नये म्हणून. वडिलांनी शब्द टाकला. आपल्या पोरानं केलेला टप रोज कचेरीच्या दारात उभा राहणार याचा त्यांना एवढा आनंद झाला होता की ते संध्याकाळी खुर्ची टाकून माझं काम बघत बसायचे. टप म्हणजे बॉनेट नव्हे. महिनाभर तरी नुसतं घासकाम होतं.

दुसऱ्याच दिवशी मला राहवेना. मान भाजल्यासारखी झाली होती. बहीण म्हणाली, "दादा, माझ्या वाट्यातला एक तांब्या घे. मला काय, घरातच तर बसलेली हाय मी." मी मोठेपणानं नको म्हणालो. बाळंतिणीचं पाणी घेणारा भाऊ मी नव्हतो. मग मोरीत गेलो, दुपट्यांच्या बादलीवरचं ताट सरकवलं, माझा पंचा त्यात बुडवला आणि मान, हात, छाती पुसून काढली. पंचा तिथंच पिळला, पुन्हा बुडवला. पाणी मळलं नाही. तेव्हा मला वाटलं, पाणी तर आहे तसंच आहे, कुणाचं काय गेलं? ताट झाकून बाहेर आलो. त्यानंतर रोज तेच केलं.

आठवड्याभरात पोरीच्या अंगावर पुरळ उठलं. आधी मांड्यांवर, मग पाठीवर आणि गळ्यापाशी. ती रडायला लागली की थांबायची नाही. दुपट्यात गुंडाळली की जास्तच रडायची आणि उघडी ठेवली की जरा शांत व्हायची. हे आम्ही सगळे डोळ्यांनी बघत होतो. डॉक्टरांनी उन्हाळी पुरळ म्हणून पावडर दिली. शेजारची मावशी मीठमिरच्या घेऊन दारात आली, तर वडिलांनी तिला हात जोडले. "आमच्या घरात हे चालत न्हाई, बाई." बौद्ध धर्म घेतल्यापासून नजर, उतारा, दोरा यातलं काही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं आणि मलाही त्याचा अभिमान होता. आजही आहे. पण त्या वेळी घरात नजर मानली असती तर बरं झालं असतं असं मला अनेकदा वाटून गेलं आहे. दोष कुणातरी बाहेरच्याच्या डोळ्यांवर गेला असता. नजर नाही म्हटल्यावर मायनं कारण शोधलं आणि ते तिला घरातच सापडलं.

"हिचं दूध बाधायलंय पोरीला," माय म्हणाली.

मग पथ्य सुरू झालं. तिखट बंद, तेल बंद, डाळ बंद, गूळ बंद. त्या उन्हात बहिणीला कोरडी भाकरी आणि मिठाचं पाणी. दर दोन दिवसांनी माय आणखी एक पदार्थ काढून घ्यायची आणि पोरगी तरी रडतच असायची. बहीण मुकाट्यानं खायची. मग पोरीला पाजताना ती तिच्या तोंडाकडे असं बघायला लागली, जणू आपण तिला काहीतरी वाईट देतो आहोत.

मला कळलं ते सकाळी. अंगणात मी पेपर कापत बसलो होतो आणि दोरीवर दुपटी वाळत होती; माझं घासकाम सुरू व्हायच्या आत माय ती रोज काढून न्यायची. ऊन तिरपं होतं. एका दुपट्यावर काहीतरी लुकलुकलं. मी उठून जवळ गेलो. मायच्या जुन्या लुगड्याचं मऊसूत दुपटं, त्यावर उन्हात चमकणारी बारीक रेघ, मग दुसरी, मग कितीतरी. मी ते मनगटाच्या आतल्या बाजूला घासलं. ती टोच मी झोपेतही ओळखली असती.

 मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. मग मी काय केलं, तर सगळी दुपटी दोरीवरून काढून अंगणाच्या कोपऱ्यात जोरजोरानं झटकली आणि परत टाकली. बस. मायला हाक मारली नाही. बादलीला पुन्हा हात लावला नाही, एवढा मात्र चांगुलपणा केला.

का बोललो नाही, याची कारणं मी इतकी वर्षं तयार करत आलो आहे. टप अर्धा झाला होता. वडिलांनी शब्द दिला होता. सांगितलं असतं तर काम त्याच दिवशी अंगणातून गेलं असतं आणि दुसरी जागा माझ्याकडे नव्हती. हे सगळं खरं आहे. पण खरं कारण याहून हलकं आहे. काचेचं सांगायचं तर बादलीचं सांगावं लागलं असतं. बहिणीचं पाणी नको म्हणणारा मी तिच्या लेकराच्या पाण्यात रोज पंचा पिळत होतो, हे मायसमोर तोंडानं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मला वाटलं, आता हळूहळू पुरळ जाईल आणि विषय मिटेल.

पुरळ गेलं नाही. सुतात अडकलेली काच अर्ध्या बादलीत निघत नाही. पाचव्या दिवशी मायनं बहिणीचं पाजणं बंद केलं आणि पोरीला शेळीचं दूध पाणी घालून द्यायला सुरुवात केली. बहिणीची छाती भरून यायची, ती भिंतीकडे तोंड करून दूध वाटीत पिळायची आणि वाटी मोरीत ओतायची. पाण्याचा थेंब न सांडणाऱ्या आमच्या घरात ती वाटी रोज ओतली जात होती आणि मी अंगणात टप घासत होतो. पंधरा दिवसांनी पिळायलाही काही राहिलं नाही.

टप छान झाला. जीपवर बसवला तेव्हा वडिलांनी त्यावरून हात फिरवला आणि मलाही चहाला घेऊन गेले. त्याच आठवड्यात कंधारहून बहिणीची सासू आली. पोरीचं अंग आणि बहिणीची उतरलेली कळा बघून तिनं मायला चार गोष्टी सुनावल्या आणि दोघींना घेऊन गेली. तिथे पोरगी नव्या कपड्यांत, नव्या दुपट्यांत चार दिवसांत बरी झाली. निरोप आला की, तुमच्या लेकीच्या दुधाची बाधा अंगातून उतरली आणि लेकरू सुधारलं. मायनं तो निरोप मान खाली घालून ऐकला. मीही तिथंच होतो.

अडीच वर्षांनी बहिणीला दुसरं मूल झालं, मुलगा. या वेळी सासूनं तिला माहेरी पाठवलं नाही. तोवर पाऊस झाला होता आणि मी गावाबाहेर पत्र्याची शेड घेतली होती. मायनं शिवलेल्या झबल्यांची पिशवी घेऊन मी एसटीनं कंधारला गेलो. पोरगा महिन्याचा होता. बहीण ओसरीवर मांडीवर घेऊन त्याला बाटली पाजत होती. घरात आणखी कुणी नव्हतं. पोरगी शेजारी खेळायला गेली होती.

"तब्येत बरी न्हाई का तुझी?" मी बाटलीकडे बघत विचारलं.

"बरी हाय की." तिनं पोराच्या अंगावरचं झबलं वर करून मला त्याची पाठ दाखवली. "बघ दादा. एक ठिपका न्हाई अंगावर. ह्या खेपेला मी चूकच केली न्हाई. पहिल्या दिसापासून अंगावर घेतलं न्हाई त्याला. दूध लई होतं, पर न्हाई घेतलं."

तिच्या तोंडावर समाधान होतं. ते बघून मला जे झालं ते लिहिता येत नाही. मी पिशवी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. बादली, पंचा, दोरीवरचं दुपटं. बोलताना मी तिच्याकडे बघू शकलो नाही, ओसरीच्या फरशीकडे बघत होतो.

तिनं पोराचं झबलं खाली ओढून सारखं केलं. मग म्हणाली, "कवा कळलं तुला?"

"पोरगी सव्वा महिन्याची होती तवा."

तिनं मनाशी हिशेब केला. मला तो तिच्या ओठांवर दिसला.

"तवा माझं दूध चालू होतं, दादा," ती म्हणाली.

ती ओरडली असती, मला घराबाहेर काढलं असतं, तर मी ते घेतलं असतं. तिनं बाटली बाजूला ठेवली, पोराला उचललं आणि आत गेली. दार लोटलेलं होतं. पोरगा आधी गप्प झाला, मग चिडून रडला, पुन्हा गप्प झाला, पुन्हा रडला. "घे रे राजा, घे एकदा," अशी ती त्याला आर्जवं करत होती. मी ओसरीवर उभा होतो. बऱ्याच वेळानं ती पदर सावरत बाहेर आली, माझ्याकडे न बघता बाटली उचलली आणि रडत्या पोराला खांद्यावर घेऊन बाटली धुवायला मोरीकडे गेली.