आखाजीचा दुसरा पाट

२ एप्रिल १९९१, मंगळवार. रक्कम नऊ हजार रुपये. हजर: धुळ्याचे डॉक्टर, आई, मी आणि ज्यांच्या हृदयाचा प्रश्न होता ते माझे वडील. त्यांना आम्ही आबा म्हणायचो.

आबांची नाडी मिनिटाला बत्तीसवर आली होती. साक्रीच्या बाजारात ते दोनदा चक्कर येऊन पडले होते. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचा उपयोग नाही, कातडीखाली पेसमेकर बसवावा लागेल. नवा आमच्या आवाक्याबाहेर होता. दुसरा मार्ग म्हणजे मेलेल्या माणसाच्या छातीतून काढून स्वच्छ केलेला. चितेत बॅटरी फुटते म्हणून तो आधीच काढतात आणि काही घरचे लोक दान देतात. मुंबईच्या दवाखान्यात बसवण्याचा खर्च नऊ हजार.

"कोनं शे ते?" आबांनी एवढंच विचारलं.

"नाव सांगत नाहीत," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. तार शिरेतून हृदयात गेली, डबी डाव्या खांद्याखाली. धुळ्यात देवपूरच्या घरी मी नाडी बघायचो. यंत्रावर लावलेले तेवढेच ठोके: सत्तर. जिना चढून आले तरी सत्तर. एकदा गल्लीत गाय अंगावर धावून आली. आबा घामाघूम होऊन ओट्यावर बसले. मी मनगट धरलं. सत्तरच.

"मी घाबरनू, तो घाबरना नही," आबा म्हणाले.

तेव्हापासून त्यांचं जेवण तुटलं. दोन घास घेऊन हात थांबायचा. "माले जो जित्ता ठेवस, तोच उपाशी शे. त्यानी घागर कोन भरी?"

डॉक्टरांनी तपासलं. "यंत्र ठणठणीत आहे, माणूसच खात नाही. असं चाललं तर पावसाळा निघणार नाही."

आईने ठरवलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याचीही घागर भरायची. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरून वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात आणि पितराच्या पाटावर एका माणसाला बसवून जेवू घालतात. आजोबांच्या पाटावर बसायला दरवर्षीचे चुलत काका होते. दुसऱ्या पाटासाठी मी शेजारच्या नानांना विचारलं.

"भाऊ, कूळ नाही, नाव नाही, बाई का माणूस तेही ठाऊक नाही. उद्या माझ्याच मागे लागलं तर?"

"मग तुमची बी नाडी सत्तर व्हई," आई म्हणाली. नाना हसले, पण आले नाहीत. आणखी दोघांनी असंच टाळलं.

आखाजीला ताटं वाढून झाली. खापरावरच्या पोळ्या, आंब्याचा रस. दुसरा पाट रिकामाच. आबा जागेवरून उठले आणि त्यावर जाऊन बसले.

आईने तुपाचं भांडं खाली ठेवलं. "उठा तठून! जित्ता मानूस बसस का तठे?"

"मी नही बसनू," आबा म्हणाले. "जेवाडा त्याले."

शेवटी मी पाणी ठेवलं, गंध लावलं. आबा पाच पोळ्या जेवले, एकही शब्द न बोलता. रस दोनदा मागितला, तोही वाटी पुढे करून. मग पितराच्या पडतात तसा मी पाया पडलो. एरवी आबा डोक्यावर हात ठेवत. त्या दिवशी ठेवला नाही. पाहुण्याच्या घरात बघावं तसं ते भिंतींकडे बघत होते.

दक्षिणा अकरा रुपये दिली. घेणारा हात आबांचा होता.