वहिनीचं मनगट आणि बिनझूमची लेन्स

धाकट्याने कॅमेऱ्याचं वजन ग्रॅमसकट पाठ केलं होतं. लेन्सचं वजन बघायचं तेवढं राहून गेलं. त्यामुळे वहिनीच्या फोटो स्टुडिओत नवा कॅमेरा आला, त्या दिवशी आनंदीआनंद व्हायच्या ऐवजी गरम पाण्याची पिशवी शोधावी लागली.

झालं होतं असं. गेल्या वर्षी मागचा पडदा बदलताना वहिनी स्टुलावरून पडली आणि तिचं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण जुना कॅमेरा हातात घेतला की मनगट बोंबलायला लागायचं. स्टुडिओ तिचा एकटीचा, लग्नाच्याही आधीचा. थोरला, म्हणजे तिचा नवरा, बस चालवायचा आणि घरी आला की सल्ला द्यायचा, "झेरॉक्सचं मशीन टाक. त्याला मनगट लागत नाही."

वहिनी वाद घालून दमली. शेवटी म्हणाली, नर्सिंग कॉलेजच्या मुलींचे फोटो यंदा जमले तर ठीक, नाहीतर टाकू मशीन. म्हणाली खरी, पण त्या रात्री तिने भाजीत मीठ दोनदा घातलं.

मग धाकटा कामाला लागला. हा तिचा दीर. बाकी कशात नाही, पण यूट्यूबवर कॅमेऱ्यांची परीक्षणं बघण्यात त्याची तपश्चर्या दांडगी. "वहिनी, मिररलेस घ्या. आतला आरसाच काढून टाकलाय, म्हणून एवढासा. पण सेन्सर फुल-फ्रेम, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. तुमच्या या अंधाऱ्या खोलीत तोच हवा."

"आणि जड?"

"पाण्याच्या छोट्या बाटलीएवढाही नाही."

ते खरंच होतं. पण चांगला कॅमेरा घ्यायचा तर लेन्सही दणदणीत हवी, म्हणून पठ्ठ्याने सोबत एक मोठी झूम लेन्स आणली. ती कॅमेऱ्याच्या दुप्पट जड. टेबलावर ठेवल्याबरोबर जोडी पुढे वाकून नाकावर आपटली.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "हा नमस्कार करतोय की झोपलाय?"

तिने तो उचलला, झूमची कडी फिरवली आणि ओठ दाताखाली दाबला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. गरम पाण्याची पिशवी.

धाकटा दोन दिवस तिच्यासमोरून मान खाली घालून फिरला. तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन, दुकानदाराच्या हातापाया पडून त्याने झूम परत केली आणि चाचणीसाठी तीन छोट्या लेन्स मागून आणल्या. स्वयंपाकघरातला वजनकाटा तर आधीच उचलून आणला होता. आता वजनात फसायचं नव्हतं.

फोटोसाठी बसायला माणूस हवा होता. शेजारचे शिंपीकाका गळ्यातल्या टेपसकट येऊन बसले. अट एकच: "माझा भिंतीवर लावण्यासारखा एक फोटो द्यायचा. गंभीर. तोंड मिटलेला. दात नवे आहेत, ते लोकांना दाखवायचे नाहीत."

"दिला समजा, काका."

पहिली छोटी झूम. वजनाला उत्तम, मिटली की मुठीत मावणारी. पण प्रकाश कमी घ्यायची. काकांचा काळा कोट आणि मागचा पडदा एकच झाले. दुसरी पंच्याऐंशी मिलिमीटरची, लांबचं जवळ ओढणारी, चेहऱ्यांसाठी नावाजलेली. वहिनी आपल्या नेहमीच्या फरशीवर उभी राहिली. कोपऱ्याचा टवका उडालेली ती फरशी. वर्षानुवर्षं तिथूनच फोटो निघत आलेले.

"काका पूर्ण मावत नाहीत. कोट पोटाशीच संपतोय."

"कोट मी शिवलाय, अख्खा दिसला पाहिजे," काका गुरगुरले.

मागे सरकायला भिंत आडवी. तिसरी लेन्स चाळीस मिलिमीटरची. बिनझूमची, बिस्किटाएवढी जाड. धाकट्याने नाक मुरडलं. "हिला झूम नाही, वहिनी. नुसता चेहरा हवा असेल तर काय करणार?"

वहिनीने कॅमेरा उचलला. काकांच्या बुटांपासून टोपीपर्यंत सगळं मावलं. मग तिने डावा हात लेन्सखाली धरला, हवेत कडी फिरवल्यासारखं केलं आणि थांबली.

"भाऊजी, दुखतं कशाने, सांगू? उचलण्याने थोडं. पण खरं दुखतं ते या पिळण्याने. झूम करताना मी मनगट पिळते. दिवसभर."

"मग?"

"मग काय? पाय धडधाकट आहेत ना माझे?"

आणि ती फरशीवरून खाली उतरावं तशी दोन पावलं पुढे आली. थेट काकांच्या समोर. इतकी वर्षं काकांनी तिला लांबून, मोठ्या काळ्या नळकांड्यामागे पाहिलेलं. आता एवढासा डबा आणि त्याच्या वरून तिचे डोळे.

"हे काय, साबणाच्या डबीने फोटो काढतेस होय गं?" काका म्हणाले आणि नव्या दातांसकट फिस्सकन हसले.

चाळीसची राहिली. कॅमेऱ्याला धरायला जागा कमी, करंगळी लोंबकळायची, म्हणून धाकट्याने खाली एक पट्टी बसवून दिली. ते काम मात्र त्याने मापून केलं.

नर्सिंगच्या मुली ओळीने आल्या. वहिनी पुढे जायची, मागे यायची, कुणाची टोपी सरळ करता करता फोटो काढून मोकळी व्हायची. मुली आधी ताठ, मग कुणीतरी खुदकन. शेवटची मुलगी गेली तेव्हा वहिनीची पोटरी भरून आली होती.

"मनगट?" धाकट्याने भीत भीत विचारलं.

तिने मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "विसरलेच होते मी त्याला."

थोरल्याने त्या संध्याकाळी झेरॉक्सचं नाव काढलं नाही. उलट विचारलं, "माझा एक काढतेस का? गणवेशातला?"

काका मात्र रोज दारात येतात. "माझा फोटो?"

वहिनी त्यांना खुर्चीत बसवते, साबणाची डबी उचलते, दोन पावलं पुढे जाते. काका तोंड घट्ट मिटतात, नाक फुलवतात, आणि ती जवळ पोचायच्या आत फसतात. एकोणीस फोटो झाले. सगळ्यांत दात.

"उद्या या, काका," वहिनी म्हणते. "बाकी आहे माझ्याकडे तुमचा."