तांदळातलं नाव

गजाननच्या बायकोचं नाव सरकारी कागदात चुकीचं गेलं, ते माझ्या हातून. एकोणीस वर्षं मी हे कोणालाही सांगितलं नाही.

मी इन्फंट्रीत कंपनी क्लर्क होतो. घर अकोल्याला, जठारपेठेत. आमची कंपनी तेव्हा उत्तरेला बर्फातल्या पोस्टवर होती. पाचला उठणं, सहाला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात तयार, साडेसातला पेट्रोल गस्तीला बाहेर. माझं काम बंकरात: रजा, राशन आणि पार्ट टू ऑर्डर. जवानाचं लग्न झालं, मूल झालं की त्याची नोंद या ऑर्डरने रेकॉर्ड ऑफिसला जाते.

नायक गजानन वलगावचा. दोन महिन्यांपूर्वी त्याचं लग्न झालं होतं. मी रजेवर होतो, पंगतीत जेवून आलो होतो. ग्रामपंचायतीचं सर्टिफिकेट यायचं होतं. दुसऱ्या प्रांतातला क्लर्क असता तर त्यासाठी थांबला असता. मी थांबलो नाही. नवरीचं नवं नाव तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिताना मी स्वतः पाहिलं होतं. अर्चना. तेच भरलं आणि कंपनी कमांडरांची सही घेतली.

त्या सकाळी पेट्रोल निघण्याआधी गजानन बंकराच्या दारात आला.

"का हो बाबू, शिक्का गोठला का तुमचा? माह्या लग्नाचा कागद गेला का नाई?"

"आज जाते."

"नाव दुर्गा टाक बरं. अर्चना आमच्या आत्यानं ठेवलं, ते ताटातच राह्यलं. शाळेच्या दाखल्यावर दुर्गाच हाय. मी बी तेच म्हणतो."

"टाकतो."

"इसरशीन तू."

"अबे जाय नं!"

तो हसत गेला. नाव बदलायचं म्हणजे नवा फॉर्म, नवी सही. संध्याकाळी करू म्हणून मी भरलेल्या फॉर्मचा लिफाफा बाजूला ठेवला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी रेडिओ सेट बोलला.

"स्लाइड. स्लाइड. तीन सेफ. एक मिसिंग. ओव्हर."

"मिसिंग कोण? ओव्हर."

"नायक गजानन. ओव्हर."

पावणेतीनला तो सापडला. कोसळलेल्या चार फूट बर्फाखाली. उजव्या हाताचा ग्लव्ह निघालेला होता.

दुसऱ्या दिवशी बटालियनने त्याच्या कुटुंबाचे कागद ताबडतोब मागितले. लिफाफा तसाच गेला. बदलायचा तर साहेबांपुढे चूक कबूल करावी लागली असती. मी गप्प बसलो. नाव काय, माणूस तर तोच, अशी स्वतःची समजूत घातली.

युनिटच्या पत्रावर बँकेचं पासबुक निघालं, अर्चना नावाने. बँकेतले लोक ओळखीचे, पासबुक सासऱ्यांच्याच हाती, पेन्शन चालू राहिली. आधार मात्र शाळेच्या दाखल्यावर निघालं, दुर्गा नावाने.

मी हवालदार होऊन रिटायर झालो. आता अमरावतीला आठवड्यातून तीन दिवस माजी सैनिकांच्या मदत केंद्रात बसतो. पेन्शन ऑनलाइन झाली, प्रत्येकाचं खातं पोर्टलवर उघडावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात वहिनी, म्हणजे गजाननची बायको, आल्या. पिशवीत सगळे कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. अंगठा लागला, ओटीपी आला. मग स्क्रीनवर लाल अक्षरं: ओळख जुळत नाही.

"काय झालं भाऊ?"

"सर्व्हर डाउन आहे, वहिनी."

मला सगळं समजलं होतं. तरी मी तेच बोललो.

पुढचे तीन महिने त्या फिरत राहिल्या. सेतू केंद्र, तहसील, बँक. एका बाबूने तोंडावर विचारलं, ही अर्चना कोण, पहिली बायको का? पडताळणी होईना म्हणून पेन्शन थांबली. हयातीचा दाखलाही निघेना. चौथ्यांदा आल्या तेव्हा खुर्चीवर बसल्याच नाहीत.

"भाऊ, एक सांगा. यायनं माह्याआंधी कोणाशी लगन केलतं का? तुमी त सोबत होते. खरं सांगा, मी रडणार नाई."

"नाही, वहिनी," एवढंच मी म्हणालो. त्याच दिवशी सगळी हकीकत प्रतिज्ञापत्रावर लिहिली: नोंद मी केली, जवानाने दुरुस्ती सांगितली होती, मी केली नाही. माझा सर्व्हिस नंबर, माझी सही. ते रेकॉर्डला पाठवलं. एक प्रत घेऊन दुसऱ्या सकाळी वलगावला गेलो.

वहिनी अंगणात तूर पाखडत होत्या. ओसरीत गजाननचा वर्दीतला फोटो. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे सर्व्हर डाउन नोयता?"

"नाही."

"तीन महिने मी या फोटोशी भांडून राह्यली, भाऊ. जेवाले बसली का इचारो, कोण व्हय थे अर्चना? ताटातलं नाव त मी त्याच दिवशी इसरली होती."

मी प्रत पुढे केली; त्यांनी ती न बघताच सुपाशेजारी ठेवली.

"त्या दिवशी काय म्हणे ते? सबूद न् सबूद सांगा."

मी सांगितलं. गोठलेला शिक्का, आत्या, ताटातलं नाव. मी बी दुर्गाच म्हणतो, हेही. त्यांनी पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं मी त्यांना नुसतं वहिनीच म्हणत आलो होतो. चपला काढून मी ओसरीवर चढलो, फोटोसमोर उभा राहिलो आणि मग त्यांच्याकडे वळलो.

"दुर्गावहिनी, त्यानं मले सांगतलं होतं. मीच केलं नाई. मले माफ करा."