लक्कव्वाचं पथ्य

“आनी येक वीट लाव गा, नागोजी.”

“वैनी, दादा हितं निजणार हाय का देव होऊन बसणार हाय? किती उंच करायलीस बाज!”

“सतरा टाकं हाईत पोटाला त्यांच्या. उठताना पाय सरळ भुईला टेकाय पायजेत. लाव म्हनलं न्हवं!”

धाकट्या दिरानं मुकाट वीट लावली. अळणावरजवळच्या त्या गावात लक्कव्वापुढं कुणाचं चालत नव्हतं. नवरा परसू लाकडाच्या अड्ड्यात ओंडकी उचलायचा. पोटात गाठ निघाली म्हणून हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात पोट फाडलं. उद्या घरी आणायचा होता. हिनं तुळईला जुन्या लुगड्याचा पीळ बांधला, धरून उठायला. खोकला आला की पोटाशी दाबायला सावरीच्या कापसाची उशी शिवली. धुरानं ठसका लागू नये म्हणून चूल उचलून परड्यात नेली.

लक्कव्वा चुरमुऱ्याची भट्टी लावायची. हात तापल्या वाळूत, डोळा दुसऱ्याच्या ताटात, असं गाव हसून म्हणायचं. कुणाला गोवर निघो, कुणी बाळंत होवो, पथ्य विचारायला माणसं तिच्याच दारात. नागोजीला कावीळ झाली तेव्हा चाळीस दिवस तेलाचा थेंब दिला नाही. चोरून घेतलेली भजी तिनं त्याच्या गालातनं बोट घालून काढली होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिनं डॉक्टरला गाठलं. कानडीतनं विचारलं, वांगं किती दिवस बंद?

“एन केळ्तार, अद कोड्री,” डॉक्टर म्हणाला. काय मागतील ते द्या.

“मिरची?”

“कोड्री.”

“तेलकट? दही? शिळं?”

“कोड्री, अव्वा.”

उभ्या जन्मात तिनं असलं पथ्य ऐकलं नव्हतं. जगणाऱ्या माणसाला कुणी असं मोकळं सोडत नाही. तिनं हळूच विचारलं, “गाठ काढली न्हवं?”

डॉक्टरनं कागद बाजूला ठेवला. उघडलं, बघितलं, तसंच शिवलं, म्हणाला. सगळीकडं पसरलं होतं. दोन महिने, फार तर तीन. पेशंटला सांगितलेलं नाही.

पदरानं तोंड पुसून ती बाहेर आली. “काय म्हनाला गे?” परसूनं विचारलं.

“काय बी खावा म्हनालाय.”

परसू खूश. गाडीत शेजारच्याला सांगत आला, पथ्यच न्हाई, म्हंजे गाठ मुळासकट गेली बगा.

घरी बाज त्याला नेमक्या उंचीची झाली. पीळ धरून उठला, उशी दाबून खोकला. “झकास केलीस की!” म्हणाला आणि एण्णगाई मागितली, तेलात निथळणारी भरली वांगी. लक्कव्वानं वांगी भरली. नागोजी उंबऱ्यातनं ओरडला, “माज्या तोंडातली भजी काढलीस, आनी दादाला वांगं? ह्यो कुठला न्याय, वैनी?”

परसू हसला. दोन घास खाल्ले. मग लोणचं मागितलं, तिनं वाढलं. दही मागितलं, तेही वाढलं. आता तो हसत नव्हता. ताटाकडं बघत बसला.

“लक्के.”

“ओ.”

“नको म्हन की गे कशाला तरी.”

तिच्या हातातली पळी थांबली. परसू तिच्याकडं बघत होता, डोळ्याची पापणी न हलवता. वीस वर्षांचा संसार. त्याला तिची रीत ठाऊक नव्हती असं कसं म्हणायचं?

लक्कव्वानं पुढं होऊन ताट ओढलं. “बास! पहिला दिवस म्हनून गप बसलो, तर बकासुरागत खायलाईसा. वांग्यानं टाकं खाजत्यात. उद्यापासनं पेज. म्हैनाभर तेल न्हाई, मिरची न्हाई. डॉक्टरला काय कळतंय?”

“अगं, अर्धं वांगं ऱ्हायलंय की...”

“हात मागं घ्या!”

“राक्षशीन हाईस बग,” परसू म्हणाला. नागोजीला म्हणाला, “बगितलास? आता म्हैनाभर पेज.” आणि उशी पोटाशी धरून बाजेवर कलंडला. कपाळावरची आठी गेली होती. घटकाभरात घोरायला लागला.

तिनं ताट मोरीत ठेवलं. अर्ध्या वांग्याकडं बघत थोडा वेळ उभी राहिली, मग राख घेऊन ताट घासून टाकलं.

परड्यात भट्टी पेटवून ठेवली होती, वाळू तापून करडी पडलेली. बाजारासाठी दोन पोती चुरमुरे व्हायचे होते. लक्कव्वानं पदर खोचला, मिठातले तांदूळ ओंजळभर वाळूत टाकले आणि झारा फिरवायला लागली. फुललं तसं चाळून पोत्यात ओतलं, वाळू परत कढईत, आणि दुसरा घाणा टाकला.