सेबेस्टियनचे मुनवे

आमच्या गिरीज गावची, शेजारच्या वाडीतली फेलिशिया विद्यापीठात गणिती जीवशास्त्र शिकते. "म्हणजे डॉक्टर होणार का?" असं लोक मला विचारतात. नाही हो! रोग कसा पसरतो ते ही पोरगी समीकरणं मांडून सांगते. तिने प्रकल्पाला केळीवरचा पर्णगुच्छ घेतला. हा रोग लागला की पानं शेंड्याला गोळा होतात आणि झाड घड धरत नाही.

गेल्या हिवाळ्यात बापाचे गमबूट घालून तिने आपली सोडून आसपासच्या सगळ्या केळीच्या वाड्या पालथ्या घातल्या, आजारी झाडं टिपली. मावा नावाची बारीक कीड हा रोग पसरवते, म्हणून शेजारच्या वाड्या आधी आजारी पडणार, असं तिने धरलं होतं. पण गणित जुळेना. दुसऱ्या बाजूच्या आजारी वाडीला लागून असलेली माझी वाडी ठणठणीत, आणि पार लांबच्या उमेळे गावात राहणाऱ्या सँड्राच्या दारची केळ आजारी! सादरीकरणाला आठ दिवस उरलेले. गणित चुकलं तर अख्खं वर्ष फुकट. पोरगी जेवेना.

मला तिची कीव आली आणि तिच्या बापावरचा जुना रागही आठवला. मी म्हटलं, "अगं, सँड्राने घर बांधलं तेव्हा तुझ्याच बापाने तिला राजेळी केळीचे मुनवे दिले. मला नाही दिला एकही. तेव्हा आमचं कुंपणावरून वाजलं होतं ना!"

मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेलं पिल्लू. बारसं असो की वास्तू, तिचा बाप सेबेस्टियन मिठाई नेत नाही, मुनवा नेतो.

फेलिशियाने बापाला समोर बसवलं. स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते त्याला सांगता येत नाही, पण दहा वर्षांतला एकेक मुनवा तोंडपाठ! रोग मुनव्यांबरोबर गेला असणार, म्हणून वाड्यांमधल्या अंतराऐवजी तिने ही देणीघेणी समीकरणात घातली आणि गणित चोख जुळलं. तिच्या नकाशावरचे सगळे बाण त्यांच्याच वाडीतून निघत होते. बांधाजवळच्या खुरट्या केळींना खत कमी पडतंय असं सेबेस्टियनला वाटायचं, त्याच आजारी होत्या.

"डॅडी, हे मी सगळ्यांसमोर कसं सांगू?" ती रडायलाच लागली.

सेबेस्टियन दुसऱ्या दिवशी स्कूटरला पहार बांधून निघाला. घरोघरी माफी मागून आजारी झाडं मुळासकट खणली. लोकांनी रागवायचं सोडून त्याला चहा पाजला.

सादरीकरणाला मी आणि सेबेस्टियन मागच्या बाकावर बसलो. परीक्षकांनी विचारलं, "रोगाचा उगम कुठे?" फेलिशियाने मागे बापाकडे पाहिलं. तेवढ्यात सेबेस्टियन उभा राहिला.

"मी, सर. उगम मीच."

हशा पिकला. "आणि एवढी माहिती कोणी दिली?"

"तीपण मीच."

मग फेलिशियाला हसू आलं आणि ती जी बोलत सुटली! परीक्षकांनी खुशीत मान डोलावली. मी तर आनंदाने रडले. शेवटी तिने सगळ्यांसमोर प्रकल्पाचं पहिलं पान उघडलं आणि आपल्या नावाशेजारी बापाचं नाव टाइप केलं. सेबेस्टियनने ते पडद्यावरून दोनदा मोठ्याने वाचलं.