पाऱ्यानं खाल्लेली पाटली

बायांनो, माणूस आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेतो. मी तर आधी तिला धार लावली आणि मग मारून घेतली! चहा घ्या, सांगते.

लग्नाचं पहिलंच वर्ष. माहेर कर्जतकडं, सासर खालापुराशेजारी. बाबानं दुभती म्हैस विकून मला सोन्याच्या दोन पाटल्या घातलेल्या. सासरी तांदळाला किडा लागू नये म्हणून कणगीत भरण्याआधी राखेत पारा घोटून दाण्यांना चोळायची रीत.

सासूबाई म्हणाल्या, "पाटल्या काढ गं."

का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या सासूनं सांगितलेलं, एवढंच. आणि माझ्या आईनं बजावलेलं, पहिल्या वर्षी हातातलं सोनं उतरवायचं नाय, अपशकुन होतो. मग मी कशाला काढते? कोपरापर्यंत हात घातले आणि दिवसभर चोळलं!

संध्याकाळी बघते तर पाटल्या पांढऱ्याफटक! चिंच लावून घासल्या. जरा जोर दिला, तर एक कट्कन मोडली. अहो, सोनं वाकतं, मोडतं कधी? ही पापडासारखी मोडली.

सासूबाई अंगणातून सगळ्या आळीला ऐकवू लागल्या, "बघा गं, कर्जतवाल्यानं आमाला जस्तावर पिवळं पाणी देऊन दिलं!"

निरोप गेला. बाबा उन्हाचा चालत आला. ओटीवर टेकलासुद्धा नाय.

"पोरीची शपथ, सोनं खरं हाय."

आता मधे तोंड कुणी घालावं? मी! सासरी माझी बाजू राखायची होती ना!

"खोटं नको बोलू, बाबा. सोनं परवडत नव्हतं तर काचेच्या घालायच्यास. मला तोंडघशी कशाला पाडलंस?"

बाबानं पाटल्या उपरण्यात बांधल्या आणि गेला.

चौक गावच्या सोनारानं त्या तापवल्या. पारा उडाला, खाली पिवळंधमक सोनं! पारा आत शिरला की सोनंही ठिसूळ होतं म्हणे.

नव्यानं घडवून बाबा पाटल्या घेऊन आला. मी धावत जाऊन दोन्ही हात पुढं केले. तो मला वळसा घालून गेला.

"विहीणबाई, तुमीच घाला. आमच्या पोरीचा यावर भरवसा नाय."

सासूबाई एकदा तरी नको म्हणतील? छे! मनगटं आधीच पुढं!

"जा गं, बापाला पाणी आण."

तांब्या घेऊन बाहेर आले, तर बाबा पार वेशीपाशी पोचलेला.

"उभी काय ऱ्हायलीस?" सासूबाई म्हणाल्या. "तूच पी."

आणि मी ते घटाघटा प्यायले हो!