शरयूबाईंनी फेकलेल्या कुप्या

उमरधऱ्यात मूल जन्मलं की पहिले आठ दिवस घरात कोणी मोठ्यानं हसत नसे. सातवा दिवस सुखाचा गेला तरी पाळणा माळ्यावरून खाली काढायचा नाही, अशी रीतच पडून गेली होती. आठव्या दिवशी बाळ दूध ओढेनासं व्हायचं, दातखीळ बसायची, अंग कमानीसारखं ताठायचं आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपायचं. सटवीनं नेलं, असं म्हणून बाया डोळे पुसायच्या आणि दुसऱ्या दिवशी निंदणाला जायच्या.

शरयूबाई पिंपळशेंडे या गावात नर्स म्हणून आल्या त्या १९७७ च्या जुलैत. माहेर सिंदी मेघेचं, वय तेवीस. नवरा माधव गावातल्याच शाळेत मास्तर. सटवी नेते म्हणतात तो धनुर्वात आहे आणि आईनं पोटुशी असताना महिन्याच्या अंतरानं दोन सुया घेतल्या तर तो टळतो, एवढं एकच सांगणं घेऊन त्या घरोघर फिरल्या.

ऐकत कोणी नव्हतं. नसबंदीच्या धरपकडीला वर्षही झालं नव्हतं. सरकारी सुई म्हटलं की बाया मागच्या दारानं वावराची वाट धरत.

"ही सुई घेतली का कूस बंद," शेजारच्या चारचौघींसमोर लीलाबाईंनी सांगून टाकलं. लीलाबाई म्हणजे रूपरावांची बायको. गावातल्या सगळ्या बाळंतपणांत सल्ला त्यांचा आणि त्यांच्या शब्दापुढे जायची कोणाची छाती नव्हती.

शरयूबाईंनी वाद घातला नाही. १९७९ साली त्यांना स्वतःला दिवस गेले, तेव्हा त्यांनी तालुक्याहून आलेल्या मोठ्या नर्सबाईंकडून भर चावडीसमोर, पंधरा-वीस बायांच्या देखत दंडात सुई घेतली. मुलगी झाली, नववा दिवस उजाडला, पुढे बारसंही झालं. दीड वर्षानं पुन्हा दिवस गेले तेव्हा कूस बंद होण्याची गोष्ट आपोआप मेली. एक-एक करून बाया येऊ लागल्या.

लीलाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "कपाळावर सटवी लिवते. तुमी कोण वो, तिच्या कारकून?"

"कारकूनच समजा," शरयूबाई म्हणाल्या. "ती कपाळावर लिहिते, मी दंडावर टोचते. दोघींचं भांडण नाही."

लीलाबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते पदरात दाबलं. त्यांच्या सुनेची, कोकिळाची, दोन मुलं तोवर आठव्या दिवशी गेली होती.

१९८२ च्या पावसाळ्यात कोकिळाला तिसऱ्यांदा दिवस गेले. या खेपेला ती स्वतःच सासूसमोर उभी राहिली. "आत्याबाई, आता मले लेकरू जाऊ द्याचं नाई. मी सुई घेतो." लीलाबाईंनी तिला अडवलं नाही. पहिली सुई १९८३ च्या ४ फेब्रुवारीला झाली. दुसरी ४ मार्चला द्यायची आणि ५ मार्चला पहाटे कोकिळानं वेणा नदीपलीकडच्या माहेरी जायचं ठरलं. या घराला फेरा लागलाय, म्हणून बाळंतपण माहेरी, हा लीलाबाईंचा हट्ट. तिकडे नर्स नव्हती की दवाखाना. दुसरी सुई चुकली तर पहिलीचा भरवसा नाही, हे शरयूबाईंना पक्कं ठाऊक होतं.

उपकेंद्रात वीज नव्हती. औषध थंड राहावं म्हणून ते आदल्या दिवशी अल्लीपूरहून बर्फाच्या पेटीतून आणायचं आणि दुसऱ्या दिवशी टोचून संपवायचं. ३ मार्चला रूपराव कापूस घेऊन हिंगणघाटला गेले होते. येताना त्यांनी आपण होऊन बर्फाची मोठी लादी भुशात गुंडाळून आणली. शरयूबाईंना फार आनंद झाला. सुया रूपरावांच्याच ओसरीवर द्यायच्या होत्या, म्हणून कुप्या फडक्यात गुंडाळून, पेटी बर्फानं भरून त्यांनी ती तिथेच मधल्या खोलीत ठेवली आणि एका अडलेल्या बाईकडे गेल्या.

सकाळी नऊ बाया जमल्या. स्टोव्हवर काचेची पिचकारी नि सुया उकळत होत्या. शरयूबाईंनी पेटी उघडली, फडकं सोडलं आणि हात तिथेच थांबले. कुप्यांतलं औषध दगडासारखं गोठलं होतं. बर्फाला बोट लावून त्यांनी जिभेला लावलं. खारट.

"काऊन, काय झालं?" रूपरावांनी विचारलं.

"औषध गोठलंय."

"मंग उन्हात ठेवा ना वो! घडीभरात पाणी होते."

ते खरंच होतं. घडीभरात वितळलं असतं, नऊ दंडांत गेलं असतं आणि जगात कोणाला कळलं नसतं. पण थंड हवं म्हणजे गोठलेलं नव्हे, गोठलं की या औषधातला जीव जातो, हे शरयूबाई प्रशिक्षणात शिकल्या होत्या. समोर कोकिळा बाही वर सारून बसलेली. पाच वर्षं एकेक घर जोडलं होतं. आज औषध खराब म्हटलं तर उद्या गावभर काय पसरेल, हे त्यांना दिसत होतं.

त्या उठल्या, अंगणात गेल्या आणि सगळ्यांच्या देखत एकेक कुपी फोडून खड्ड्यात टाकली.

"आजचं औषध बाद झालं. पेटी नजरेआड ठेवली, चूक माझी. हे मी कोणालाही टोचणार नाही."

"मंग मागच्या महिन्याचं तरी चांगलं होतं का?" एकीनं फटकन विचारलं.

"होतं. ते मी स्वतः पाहून दिलं होतं. हेही पाहूनच फेकलं."

कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात रूपराव उभे राहिले. मोठा मानाचा माणूस, पण कान लाल झाले होते. "बाईची चूक नाई. मीठ म्या टाकलं. कुल्फीवाला टाकते ना, बर्फ टिकावा म्हणून! मले वाटलं, जेवढं थंडं तेवढं चांगलं."

"हे घ्या!" लीलाबाई कडाडल्या. "सारी जिंदगी कुल्फी खाल्ली अन् अक्कल तेवढी गोठली!"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शरयूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माधवरावांची सायकल काढली. अल्लीपूर अकरा किलोमीटर, वाट कच्ची, ऊन मार्चचं. "मी येईपर्यंत कोकिळाला थांबवा," एवढंच त्या म्हणाल्या.

परत यायला साडेतीन झाले. लुगडं धुळीनं लाल, एका टाचेला फोड, पण खांद्यावरच्या झोळीतल्या पेटीला धक्का नव्हता. आपण एकट्या कोकिळासाठी आलोय, बाकीच्या केव्हाच वावरात गेल्या असतील, असं त्या वाटेत धरून चालल्या होत्या. ओसरीवर पाहतात तर नऊच्या नऊ बसलेल्या. लीलाबाई दारात पाटावर ठाण मांडून होत्या.

"एकीलेबी जाऊ नाई देल्लं," त्या म्हणाल्या. "झुणका-भाकर खाऊ घातली अन् बसवून ठेवल्या. दोघी मुतायले गेलत्या, त्याइच्यासंगबी मीच गेलतो."

मग त्यांनी कोकिळाचा हात धरून तिला पुढे आणलं. "पहिले इले द्या. जी बाई खराब दवाई आपल्या हातानं फोडते, ते माह्या सुनेले खराब देणार नाई." शरयूबाईंनी कुपी उजेडात धरून आधी त्यांना दाखवली. लीलाबाईंनी ती नीट पाहिली आणि मान डोलावली. पुढे उपकेंद्रात प्रत्येक बाईला कुपी दाखवूनच सुई द्यायची, हा रिवाज झाला.

कोकिळा माहेरी ३ मे रोजी बाळंत झाली. शरयूबाईंनी नाळेसाठी नवं पातं आणि उकळलेला दोरा आधीच तिच्या ओटीत बांधून दिला होता. लीलाबाई तिकडेच जाऊन बसल्या. १० मे हा आठवा दिवस. त्या दिवशी शरयूबाईंच्या हातून रजिस्टरात दोन नावं चुकली आणि खोडावी लागली, जे कधी होत नसे.

११ तारखेला दहाच्या एस.टी.नं रूपराव उतरले. उपकेंद्राच्या दारात येऊन त्यांनी टोपीनं घाम पुसला. आत सहा-सात बाया सुईसाठी बसल्या होत्या.

"पोट्टी हाये," ते म्हणाले. "रडून राह्यली, बाई. राती रडली, सकाळी रडली. दूध पेते अन् पुन्हा रडते. कोणाले झोपू देऊन नाई राह्यली!"

शरयूबाई खुर्चीवरून उठल्या, ताठ उभ्या राहिल्या आणि बसलेल्या बायांकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत ना? आज नववा दिवस आहे. चला, बाह्या वर करा."